डाव ओळखणारा शत्रू : ‘मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन’मधील लढाईचे परीक्षण

मोकळ्या जगाच्या (ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशावर हवे तिकडे फिरता येणाऱ्या) जवळजवळ प्रत्येक गेमच्या जाहिरातीत ‘तुम्हाला हवे तसे लढा’ हे आश्वासन ठळकपणे दिलेले असते. ते खोटे नसते. धनुष्य, बंदूक, सुरुंग, घोडा, आग, विष असे सारे साहित्य खरोखरच खेळणाऱ्याच्या हाती ठेवलेले असते. मात्र जळगाव-धुळ्याकडे गेम खेळणाऱ्या कोणत्याही मुलाच्या शेजारी थोडा वेळ बसून पाहिले, तर त्याला सुरुवातीच्या काही तासांतच एक डाव सापडलेला असतो आणि उरलेला सगळा गेम तो त्या एकाच डावावर निभावून नेत असतो, असे दिसते. उंच गवतात बसायचे, शिटी वाजवायची, चौकशीला आलेल्या पहारेकऱ्याला खाली पाडायचे आणि पुन्हा शिटी वाजवायची. यात त्या मुलाचा दोष नाही. चालणारा डाव सोडून दुसरा शोधावा, असे कोणतेही कारण गेमने त्याला दिलेले नसते.

म्हणून एखाद्या गेमची लढाई कल्पकतेला खरोखर दाद देते की नाही, हे ठरवताना हत्यारांची संख्या मोजण्यात अर्थ नाही. जुना डाव कधीतरी बाद होतो का, आणि नवा डाव शोधणाऱ्याच्या पदरात शाबासकीच्या पलीकडे काही पडते का, हे पाहायला हवे. या कसोटीवर मी आजवर खेळलेल्या गेमपैकी सर्वांत पुढे गेलेला आणि तरीही एका महत्त्वाच्या ठिकाणी स्वतःलाच आडवा आलेला गेम म्हणजे ‘मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन’. हिदेओ कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला आणि कोनामी कंपनीने १ सप्टेंबर २०१५ रोजी बाजारात आणलेला हा गेम आता जुना म्हणावा लागेल. तरीही खानदेशातील वाचकांसाठी त्याचे परीक्षण आज लिहावे असे वाटते, कारण आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत जो संगणक असतो तो महाविद्यालयात असताना जोडून घेतलेला, बेताच्या ताकदीचा असतो आणि त्यावर हा गेम नीट चालतो. चार जीबी रॅम आणि जीटीएक्स ६५० दर्जाचे ग्राफिक्स कार्ड ही त्याची किमान गरज आहे. नव्या गेमना शंभर-शंभर जीबी जागा लागत असताना हा तीसच्या आतच मावतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना दुपारी कॅबिनेटचा पंखा कसा ओरडतो, हे जळगाव-भुसावळच्या माणसाला वेगळे सांगायला नको, आणि त्या दिवसांतही या गेमने यंत्राला फारसे दमवले नाही, याची नोंद इथे मुद्दाम करतो.

गेमचा काळ १९८४चा आहे. सोव्हिएत सैन्याने व्यापलेला अफगाणिस्तान आणि नंतर अंगोला-झैरे सीमेवरचा मुलूख, अशा दोन मोठ्या नकाशांवर तो घडतो. आपण ‘व्हेनम स्नेक’ नावाच्या भाडोत्री सेनानायकाच्या भूमिकेत असतो आणि हिंदी महासागरात, सेशेल्सच्या पाण्यात उभारलेला ‘मदर बेस’ हे आपले ठाणे असते. कथा गुंतागुंतीची आहे आणि तिचा शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. त्यावर इथे अधिक लिहीत नाही, कारण या परीक्षणाचा विषय लढाई हा आहे.

या गेममधील शत्रू तुमच्या सवयी लक्षात ठेवतो, आणि सगळे मर्म त्यातच आहे. तुम्ही सतत डोक्यावर नेम धरत असाल, तर काही मोहिमांनंतर पहारेकरी पोलादी हेल्मेट घालून उभे दिसतात. रात्रीच्या अंधारातच हल्ले करत असाल, तर त्यांच्या डोळ्यांवर रात्री दिसणारे चष्मे येतात. झोपेचा वायू वापरत राहिलात, तर तोंडावर मास्क येतात. लांबून टिपत राहिलात, तर त्यांच्याकडेही लांब पल्ल्याचे नेमबाज उभे राहतात. आणि समोरासमोर गोळीबाराची सवय लावून घेतलीत, तर अंगभर चिलखत घातलेले, ढाल घेतलेले जवान तुमच्या दिशेने चालत येतात. गावोगावच्या कबड्डीत एखाद्या चढाईपटूचा एकच हुकमी डाव पूर्वार्धात गुण देऊन जातो आणि उत्तरार्धात समोरचा कोपरारक्षक त्याच डावाची वाट पाहत बसलेला असतो, तसे हे आहे. इथे शत्रूची ताकद नुसती वाढत नाही. तुमच्याच सवयीला ते दिलेले उत्तर असते, आणि आपण हे स्वतःवर ओढवून घेतले, हे खेळणाऱ्याला लगेच कळते.

अमळनेरला माझ्या भाच्याकडे हा गेम मी बारकाईने पाहिला. भूल देणारी सुई मारणारे, सायलेन्सर लावलेले पिस्तूल सुरुवातीपासूनच हाती असते आणि ते डोक्याला लागले की माणूस जागीच झोपतो, त्यामुळे त्याचा सगळा खेळ त्या एका पिस्तुलावर उभा होता. अफगाणिस्तानातील एका डोंगराळ चौकीवर त्याने नेहमीप्रमाणे दगडाआड बसून नेम धरला, सुई सुटली, हेल्मेटवर आपटून ते हेल्मेट उडाले, आणि पहारेकरी मात्र उभाच्या उभा राहिला. पुढच्या क्षणी तो ओरडला, त्याचा जोडीदार वायरलेसकडे धावला. शेजारी बसलेला त्याचा मित्र एकदम म्हणाला, “आते काय करानं, भाऊ?” गेमने खेळणाऱ्याच्या तोंडी हा प्रश्न आणावा, इतकीच माझी अपेक्षा असते, आणि मोकळ्या जगाच्या बहुतेक गेममध्ये तो प्रश्न येतच नाही.

त्यानंतर पोराने जे केले ते सांगण्यासारखे आहे. पुढच्या खेपेला त्याने चौकीतल्या कोणालाही हात न लावता आधी वायरलेसची यंत्रणा उडवली, म्हणजे आरडाओरड झाली तरी दुसऱ्या ठाण्याहून कुमक येणार नाही. मग तो विजेच्या खोक्यापर्यंत सरपटत गेला आणि त्याने वीज बंद केली. दिवे गेले की बघायला एक जवान येतो. त्याला मागून धरून त्याने दरडावून माहिती काढली आणि उरलेले कुठे आहेत ते नकाशावर उमटवून घेतले. या माहितीलाही एक अट आहे: अफगाणिस्तानातले शत्रू रशियन बोलतात, आणि रशियन जाणणारा दुभाषा शोधून आपल्या तळावर आणल्याखेरीज त्यांनी सांगितलेले आपल्याला कळत नाही. म्हणजे एका मोहिमेत घेतलेले कष्ट दुसऱ्या मोहिमेत डाव होऊन समोर येतात. वीज, वायरलेस, रडार, ऊन, पाऊस, धुळीचे वादळ यांतली प्रत्येक गोष्ट खरोखर कामाची आहे. रडार पाडले की हेलिकॉप्टर जवळच्या जागी उतरू शकते. धुळीचे वादळ सुटले की पहारेकऱ्याला चार हातांवरचेही दिसत नाही आणि तेवढ्या वेळात अख्खी चौकी पार करता येते.

या गेमने लहान लहान गोष्टींनाही नियमांत जागा दिली आहे आणि ती जागा पक्की आहे. घोड्याने रस्त्यावर टाकलेल्या लीदेवरून जीप गेली की तिची चाके घसरतात. हे ऐकायला पोरकट वाटते, पण ताफा अडवण्यासाठी सुरुंग नसताना हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो. लपण्यासाठी अंगावर घेतलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर अधिकाऱ्याचे चित्र चिकटवून उभे राहिले, तर लांबून पाहणारा जवान सलाम ठोकतो. फुगवता येणारा तोतया पुतळा टाकून पहारेकऱ्याला एका बाजूला ओढता येते आणि नेमका तो जवळ आल्यावर पुतळा फुगवला तर तो त्या धक्क्यानेच आडवा होतो. पाण्याच्या पिस्तुलाने शेकोटी किंवा विजेचे उपकरण निकामी करता येते. हे सगळे कुठेही ‘आता हे करा’ असे सांगितलेले नाही. ज्याने जगाचे निरीक्षण केले त्याला ते सापडते, आणि सापडल्यावर ते प्रत्येक वेळी त्याच नियमाने चालते. हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण आज चाललेली युक्ती उद्या विनाकारण फसली, तर माणूस युक्त्या लढवणेच सोडून देतो.

लाभाच्या बाबतीतही गेमचा विचार खोल आहे. बेशुद्ध केलेल्या जवानाला फुल्टन नावाचा फुगा बांधून आकाशात उचलून नेता येते. तो आपल्या तळावर येतो, त्याच्या अंगच्या गुणांनुसार संशोधन, वैद्यकीय, हेरगिरी अशा विभागांत कामाला लागतो आणि त्याच्यामुळे नवी साधने तयार होतात. त्यामुळे ठार मारणे हा सर्वांत सोपा मार्ग असला तरी सर्वांत तोट्याचा ठरतो. दुर्बिणीतून पाहताना एखाद्या जवानाचे कौशल्य वरच्या दर्जाचे दिसले, तर त्याला जिवंत कसे न्यावे यासाठी माणूस डोके चालवतो. पुढे यंत्रणा सुधारली की तोफा, गाड्या, मालाचे कंटेनरसुद्धा असेच उचलता येतात. शत्रूचा रणगाडा उडवण्याऐवजी तो आपलाच करून घेणे शक्य आहे, हे एकदा कळले की तीच मोहीम वेगळी दिसू लागते. कल्पकतेला दाद द्यायची तर ती अशी द्यावी.

त्यातही मला विशेष आवडलेली एक तरतूद आहे. शत्रूकडे हेल्मेट वाढली, तर ती कुठून येतात याचाही मार्ग गेममध्ये आहे: आपल्या तळावरील जवानांची तुकडी पाठवून तो पुरवठा काही काळ तोडता येतो. म्हणजे सवय न बदलता सवयीवरचा उपाय मोडून काढण्याची मुभा आहे, पण त्यासाठी माणसे आणि वेळ खर्च करावा लागतो. एखादा डाव पुष्कळ दिवस वापरला नाही, तर त्यावरचा शत्रूचा उपायही हळूहळू सैल होतो. या देवाणघेवाणीमुळे लढाई जिवंत राहते. सायलेन्सरसुद्धा झिजतो आणि चुकीच्या क्षणी संपतो, हीही त्याच विचारातली गोष्ट आहे.

इतर गेमशी तुलना केल्याशिवाय हे मोल नीट कळणार नाही. निन्टेन्डोचा २०१७ मधील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा कल्पकतेचा मानबिंदू मानला जातो आणि त्याचे निसर्गाचे नियम खरोखर अप्रतिम आहेत: लाकूड पेटते, वादळात धातूवर वीज पडते, उतारावरून ढकललेला धोंडा शत्रूला चिरडतो. परंतु तिथला शत्रू तुम्ही कसे जिंकलात हे पाहत नाही. तुम्ही जितके अधिक शत्रू मारता तितके पुढचे शत्रू वरच्या रंगाचे आणि अधिक प्राणशक्तीचे येतात, बस्स. विजेने मारा की दगडाने, त्यांचे उत्तर एकच. शिवाय हत्यारे तुटतात, त्यामुळे लहानसहान चकमक टाळणेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. ‘घोस्ट ऑफ सुशिमा’मध्ये तलवारीचे चार पवित्रे आहेत आणि लढाई पाहायला देखणी आहे, मात्र ढालवाल्याला पाण्याचा पवित्रा, भालेवाल्याला वाऱ्याचा, असे उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे खेळणाऱ्याने योग्य बटण आठवायचे असते, काही शोधायचे नसते. या दोन्ही गेमचा मी चाहता आहे. पण ‘हवे तसे लढा’ या आश्वासनाचा विचार केला, तर दोघांपेक्षा ‘फँटम पेन’ अधिक प्रामाणिक आहे.

आता दोषांकडे. पहिला आणि सर्वांत मोठा दोष गुणांकनाचा आहे. प्रत्येक मोहिमेनंतर ‘एस’ (ही सर्वांत वरची), ‘ए’, ‘बी’ अशी श्रेणी मिळते आणि तिच्यात वेगाला व न दिसता काम उरकण्याला भरपूर गुण आहेत. चौकी अंधारात बुडवून, घोड्याच्या मदतीने ताफा थांबवून, शत्रूचाच रणगाडा पळवून केलेली मोहीम वेळखाऊ असते. उलट माहिती असलेल्या वाटेने धावत जाऊन, दोन-तीन सुया मारून, लक्ष्य उचलून पळणारा वरची श्रेणी घेऊन जातो. ज्या गेमच्या शत्रूला तुमचा तोचतोपणा कळतो, त्याच गेमच्या गुणपत्रिकेला तो कळत नाही. त्यामुळे श्रेणीच्या मागे लागलेली मुले पुन्हा त्या पिस्तुलाकडे वळतात. वापरलेल्या वेगवेगळ्या उपायांना थोडेसे जरी गुण दिले असते, तरी हे चित्र बदलले असते. निर्मात्यांना श्रेणीला अंकुश लावता येत होता, हे स्पष्ट आहे, कारण अदृश्य करणारा पोशाख घातला तर ‘एस’ श्रेणी मिळत नाही, असा नियम त्यांनी स्वतःच केलेला आहे. मग तोचतोपणालाही तसाच अंकुश का लावला नाही, हे मला समजत नाही.

दुसरा दोष साथीदारांचा आहे. ‘डी-डॉग’ हा कुत्रा सोबत घेतला, की आसपासचे सगळे शत्रू तो वास घेऊन दाखवून देतो. कुत्र्यावर जीव जडतो हे खरे, पण टेहळणी हाच कल्पकतेचा पाया असताना तो पाया कुत्र्याने आयता रचून दिला, तर विचार करायला उरते काय? ‘क्वाएट’ ही नेमबाज साथीदार तर विश्वास पूर्ण वाढल्यावर अर्धी चौकी एकटीच मोकळी करते. घोडा घेऊन खेळलेल्या मोहिमा मला सर्वांत सकस वाटल्या, कारण घोडा साहाय्य करतो, पण तुमच्या वतीने निर्णय घेत नाही.

काही मोहिमांत गेम स्वतःचेच तत्त्व गुंडाळून ठेवतो. ‘स्कल्स’ नावाच्या अमानवी शत्रूंशी होणाऱ्या झुंजी, याच गेमच्या पहिल्या भागाच्या शेवटी येणारे महाकाय यंत्र आणि दुसऱ्या भागातील रणगाड्यांच्या लाटा थोपवण्याची एक मोहीम, या सर्वांत जड शस्त्र घेऊन गोळ्या झाडत राहण्याला फारसा पर्याय उरत नाही. वायरलेस नाही, वीज नाही, सवयी नाहीत. सगळा गेम ज्या गोष्टींवर उभा आहे, त्याच तिथे काढून घेतल्या जातात. दुसऱ्या भागात पुष्कळ मोहिमा जुन्याच आहेत, फक्त अधिक कडक अटींसह. याबद्दल अनेकांनी नाराजी व्यक्त केली आहे आणि कथेच्या दृष्टीने ती योग्य आहे.

पण लढाईच्या दृष्टीने मला याच पुन्हा आलेल्या मोहिमांत गेमचा कस सापडला. त्यांतील ‘सबसिस्टन्स’ प्रकारच्या मोहिमांत तुम्हाला कोणतेही हत्यार, साधन किंवा साथीदार न देता उतरवले जाते. रिकाम्या हातांनी उतरायचे आणि जे लागेल ते शत्रूकडूनच घ्यायचे. तिथे त्या पिस्तुलाचा आधार नसतो, कुत्रा नसतो, हेलिकॉप्टरमधून पुरवठा येत नाही. दगडाआडून चौकी न्याहाळत बसावे लागते, कोण कुठे वळतो, कोण डुलक्या घेतो, कोणत्या तंबूत बंदुका ठेवल्या आहेत हे पाहावे लागते. माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्राने अशी एकच मोहीम पाठोपाठ खेळली. एकाने शत्रूच्या तळावरची जीप पळवून तिच्या दिव्यांच्या झोतात सगळ्यांना एका बाजूला गोळा केले आणि स्वतः मागून आत शिरला. दुसऱ्याने पहिल्याच पहारेकऱ्याची बंदूक काढून घेतली, पण एकही गोळी न झाडता शेवटपर्यंत भिंतीच्या कडेकडेने सरकत राहिला. दोघेही यशस्वी झाले, आणि नंतर कोणाचा मार्ग चांगला यावरून त्यांचा वाद लागला. श्रेणी कोणाला कोणती मिळाली, हे दोघांपैकी कोणी पाहिलेही नाही.

हा गेम घेणाऱ्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. शत्रूने पाहिले की वेळ मंदावणारा ‘रिफ्लेक्स मोड’ सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा, कारण तो सुरू असेपर्यंत कोणतीही चूक खरी चूक ठरत नाही आणि फसलेल्या डावातून सावरण्याची वेळच येत नाही. शत्रूंच्या डोक्यावरच्या खुणाही बंद करता येतात. सुरुवातीचे काही तास त्या ठेवाव्यात आणि नकाशा अंगवळणी पडला की काढाव्यात. पिस्तूल टाळण्याचा नियम मात्र स्वतःच घालून घ्यावा लागतो, तो गेम घालणार नाही. मदर बेसवरील काही बांधकामे आणि शस्त्रसंशोधन घड्याळाच्या खऱ्या वेळेने चालते व त्यातले काही पैसे मोजून लवकर उरकण्याची सोय ठेवलेली आहे; त्या वाटेला जाण्याची मुळीच गरज नाही, कारण कल्पकतेची खरी हत्यारे, म्हणजे पुतळा, खोका, घोडा आणि सी-४ स्फोटक, ही सगळी लवकर आणि स्वस्तात मिळतात. इंटरनेट नसतानाही मुख्य मोहिमा खेळता येतात, ही गोष्ट आपल्याकडे तालुक्याच्या गावी महत्त्वाची आहे.

विकत घेताना ‘द डेफिनिटिव्ह एक्स्पीरियन्स’ ही २०१६ची आवृत्ती घ्यावी, म्हणजे २०१४ मध्ये आलेला ‘ग्राउंड झिरोज’ हा छोटा पूर्वार्धही सोबत मिळतो. त्याने सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात एकच लष्करी तळ आहे आणि तोच तळ वेगवेगळ्या मोहिमांसाठी दिवसा, रात्री, पावसात पुन्हा पुन्हा पालथा घालावा लागतो. एकच जागा किती वाटांनी जिंकता येते, याचे शिक्षण मोठ्या नकाशावर जाण्यापूर्वी तिथे होते. हिंसा आणि यातनांची दृश्ये दोन्ही गेममध्ये उघडपणे आहेत, आणि ‘क्वाएट’चे चित्रण तर अनावश्यक उत्तान आहे. त्यामुळे शाळकरी मुलांच्या हाती हा गेम देऊ नये. माझा भाचा महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणूनच मी त्याच्या शेजारी बसून तो पाहिला.